गारेची रांगोळी

नीलकंठराव देवपुजारी सिंचाई विभागातून निवृत्त झाले तेव्हा विभागाने त्यांना शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. माणसाला वेळेचा आता काही उपयोग उरला नाही अशी खात्री पटली की त्याला घड्याळ द्यायचं, असा सरकारी रिवाज आहे. नीलकंठरावांनी उभी हयात कालव्यांचे नकाशे आखण्यात घालवली होती. त्यांतले काही कालवे पुढे खोदलेही गेले. हात स्थिर, नजर बारीक आणि दोन्हींना काम नाही, अशा अवस्थेत ते रायपुरात भनपुरीच्या अलीकडच्या आपल्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिले. मग एका दुपारी मोबाईलवर त्यांना एक दाढीवाला अमेरिकन दिसला. तो जंगलात बसून एका दगडावर दुसरा दगड हाणत होता, आणि हाणता हाणता त्या दगडातून पिंपळपानासारखं पातळ भाल्याचं टोक बाहेर आलं. नीलकंठरावांनी तो व्हिडिओ पुन्हा लावला. दुसऱ्या दिवशी ते आरंगच्या बसमध्ये बसले आणि महानदीच्या पात्रातून पोतंभर दगड घेऊन परतले.

"हे काहून आणले?" विजयाबाईंनी दारातच विचारलं.

"भाला करतो."

"कोणासाठी?"

नीलकंठरावांनी पोतं फरफटत आत ओढलं.

दगड फोडणं वेगळं आणि दगड घडवणं वेगळं, हे कळायला त्यांना पावसाळा आणि हिवाळा लागला. हातोडा म्हणून नदीतला गोटा, मांडीवर जुन्या सोफ्याचं कातडं, आणि डाव्या हातात चकमकीच्या जातीचा तो चिवट दगड. कड आधी घासून बोथट करायची, मग नेमक्या कोनात ठोका द्यायचा, की खालून माशाच्या खवल्यासारखी चकती सुटते. ठोका बरोबर बसला तर काचेचा आवाज येतो, चुकला तर मडक्याचा. सुरुवातीला घरात मडकीच मडकी वाजत होती आणि नीलकंठरावांच्या बोटांना महिन्याच्या हिशेबात न बसणाऱ्या पट्ट्या लागत होत्या. पण नकाशे आखलेला हात तो. हळूहळू काच वाजू लागली. तांब्याच्या जाड तारेने कड दाबून दाबून बारीक दाते काढायचीही कला आली, आणि बैठकीतल्या शोकेसमध्ये, जिथे पूर्वी मुलीच्या ट्रॉफ्या होत्या, तिथे भाल्यांची टोकं, तासण्या आणि हातकुऱ्हाडी मांडल्या गेल्या.

एकविसाव्या शतकातल्या रायपुरात भाल्याच्या टोकांना मागणी बेताचीच होती. त्यांनी ती लग्नामुंजीत वाटून पाहिली. तेलीबांध्याला राहणाऱ्या एका चुलतभावाला वास्तुशांतीला दिलेली हातकुऱ्हाड पुढच्या भेटीत देवघरात सापडली. तिला शेंदूर लावलेला होता आणि समोर केळं ठेवलं होतं. नीलकंठरावांनी खुलासा करायला तोंड उघडलं, तेवढ्यात भावजयीने हात जोडले, म्हणून त्यांनीही जोडले.

तो दाढीवाला प्रत्येक व्हिडिओच्या सुरुवातीला एक गोष्ट न चुकता सांगायचा. दगडाची बारीक धूळ छातीत गेली तर परत निघत नाही. उघड्यावर बसा, जमीन ओली ठेवा, तोंडाला मास्क लावा. नीलकंठराव सरकारी माणूस. ज्या नियमाला खर्च नाही तो नियम ते मनापासून पाळत. कोरोनाच्या वेळचे चांगले जाड मास्क खोकाभर शिल्लक होते. गच्चीवर पाणी शिंपडून, मास्क आणि चष्मा लावून ते बसत तेव्हा खालून जाणाऱ्यांना वाटे, देवपुजारी साहेब गच्चीवर कोणाचं तरी ऑपरेशन करून राहिले.

दाढीवाल्याने सगळं सांगितलं. रांगोळीबद्दल मात्र तो काही बोलला नाही. त्याच्याकडे नसावी.

विजयाबाईंचं माहेर भंडाऱ्याचं. तिथे त्यांच्या आईच्या वेळेपर्यंत शिरगोळ्याचा दगड घरी कुटून रांगोळी करत, आणि ती बोटांच्या चिमटीतून सुतासारखी सुटे. रायपूरच्या बाजारातली रांगोळी म्हणजे संगमरवराचा भुसा. "ही सुटत नाही, पडते," असं त्या लग्न झाल्यापासून म्हणत आल्या होत्या. एक दिवस नीलकंठरावांनी पांढऱ्या गारेचा, म्हणजे गारगोटीचा, एक गोळा वाळूत पुरून शेगडीवर तापवला. तापवला की काही दगड घडवायला सोपे जातात असं त्यांनी ऐकलं होतं. उतावीळपणा करून तो गरम असतानाच पाण्यात टाकला. गार तडतडून फुटली आणि हातात घेताच साखरेसारखी चुरली. नीलकंठरावांचा भाला गेला. विजयाबाईंनी तो चुरा दोन बोटांत घेतला, चोळला आणि गच्चीच्या फरशीवर एक रेघ ओढली.

"हे पाहा," त्या म्हणाल्या.

रेघ सरळ होती, बारीक होती, आणि उन्हात चमकत होती. इतक्या वर्षांच्या संसारात दोघांनी मिळून केलेली ही पहिलीच गोष्ट, जी दोघांनाही आवडली.

तिथून पुढे दगड फुटे गच्चीवर आणि रांगोळी होई स्वयंपाकघरात. गार भाजायची, पाण्यात टाकायची, वाळवायची, लोखंडी खलबत्त्यात कुटायची आणि आईच्या मऊ झालेल्या लुगड्याच्या तुकड्यातून वस्त्रगाळ करायची. हे काम गच्चीवर जमण्यासारखं नव्हतं, कारण भनपुरीच्या कारखान्यांच्या चिमणीतून येणारी काळी धूळ. त्या भागात पहाटे पुसलेला ओटा दुपारी बोट फिरवलं तर काजळासारखा होतो. पांढऱ्याशुभ्र रांगोळीत काळं पडू नये म्हणून विजयाबाई स्वयंपाकघराच्या दोन्ही खिडक्या गच्च बंद करत, दाराच्या फटीला ओलं फडकं लावत, पंखाही बंद ठेवत, आणि मग कुटायला बसत. चाळताना खोलीत असं पांढरं धुकं भरे की उन्हाच्या तिरिपीत सोन्याचे कण तरंगल्यासारखे वाटत.

"मास्क लावत जा," नीलकंठराव एकदा म्हणाले. एकदाच म्हणाले.

"रांगोळीले तोंड बांधून बसू? हे देवाचं काम आहे का डाका घालाचा आहे?"

त्यांना हसू आलं आणि विषय संपला. रांगोळीच्या बाबतीत आपण नवऱ्यापेक्षा जास्त जाणतो, असं विजयाबाईंना वाटे. आणि नीलकंठरावांना ते मान्य होतं.

उंबऱ्यासमोरची ती चमकती रांगोळी पाहायला वरच्या मजल्यावरच्या बायका जिना उतरून येऊ लागल्या. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला विजयाबाईंनी वाण म्हणून प्लास्टिकच्या डब्या दिल्या नाहीत, गारेच्या रांगोळीच्या पुड्या दिल्या. पहिल्या मजल्यावरची यामिनी तर शिष्याच झाली. यामिनी इथलीच, चौबे कॉलोनीतली मराठी मुलगी. मराठी तिला सगळी कळे आणि उत्तर ती सगळं हिंदीत देई. "काकू, ये तो एकदम डायमंड जैसा है," ती म्हणाली आणि दुसऱ्या दिवसापासून चाळायला येऊन बसू लागली.

असं तिसरं वर्ष लागलं आणि विजयाबाई जिना चढताना मधल्या वळणावर थांबू लागल्या. आधी पिशवी बदलायला थांबत. मग कोणाशी तरी बोलायला थांबत. मग बोलायला कोणी नसलं तरी थांबू लागल्या.

पहिल्या डॉक्टरने क्षयाची औषधं दिली. ती नेमाने घेतली, लघवी केशरी झाली, आणि दम तेवढाच राहिला, उलट थोडा वाढला. विजयाबाईंचे ब्लाउज सैल झाले. मुलगी उल्का पुण्याहून फोनवर रोज एक नवा काढा सांगे. कुटायचं काम आता यामिनी आपल्या घरी नेऊ लागली, कारण काकूंना खलबत्ता उचलवत नव्हता.

मग तेलीबांध्याच्या बाजूला छातीचे एक मोठे डॉक्टर आहेत असं कळलं. डॉक्टर भार्गव. त्यांनी स्कॅन काढला, तो उजेडात धरला आणि विजयाबाईंना विचारलं, "माताजी, आप क्रशर में काम करती थीं क्या? पत्थर का कोई काम?"

विजयाबाईंना हा अपमान वाटला. "हम हाउसवाइफ हैं," त्या म्हणाल्या.

"सोचके बताइए."

"सोचना क्या है? घर के बाहर कभी काम नहीं किया."

नीलकंठराव शेजारच्या खुर्चीवर बसले होते. टेबलावर काचेखाली डॉक्टरांच्या मुलाचा पोहण्याच्या स्पर्धेतला फोटो होता. नीलकंठरावांनी तो अतिशय बारकाईने पाहिला.

विजयाबाईंना नर्सने वजन करायला नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "ये सिलिकोसिस है. पत्थर की सफेद धूल, बहुत महीन, बंद जगह में, सालों तक. टीबी थी ही नहीं. कहीं से तो गई है, साहब."

"आमच्याकडे काळी धूळ फार आहे," नीलकंठराव मराठीत म्हणाले. त्यांना एकदम हिंदी आठवेना.

डॉक्टरांना मराठी येत नव्हती, पण काळी कळलं. "काली वाली फेफड़े को ऐसा नहीं करती. ये पत्थर है." त्यांनी स्कॅनवर पेनाचं टोक ठेवलं. छातीच्या वरच्या भागात पांढरे ठिपके होते. सगळीकडे सारखे, नीट पेरलेले. "निकलेगा नहीं. दवा इसकी नहीं है. जो बचा है उसको बचाइए. ऑक्सीजन घर पे लगवा लीजिए. और वो धूल जहाँ भी है, बंद करवाइए."

नीलकंठरावांनी मान हलवली. पेरलेले ते ठिपके पाहून त्यांच्या मनात जे आलं ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही. त्यांना ती ठिपक्यांची रांगोळी वाटली होती.

घरी परतले तर बैठकीत दुबेजी बसलेले. दुबेजी म्हणजे बिल्डिंगच्या समितीचे अध्यक्ष. काळ्या धुळीविरुद्ध अर्ज देणं हे त्यांचं जीवनकार्य होतं, आणि त्या अर्जांवर सुवाच्य अक्षरात मजकूर लिहिणं हे नीलकंठरावांचं.

"क्या बोले डॉक्टर?"

"धूल," नीलकंठराव म्हणाले. हे खरं होतं.

"मैं तो कब से कह रहा हूँ," दुबेजींनी मांडीवर थाप मारली. "काली धूल. अब देखिए, अब तो सबूत है अपने पास."

नीलकंठरावांनी इथे एक वाक्य बोलायला हवं होतं. वाक्य लहान होतं. पण विजयाबाई सोफ्यावर टेकून श्वास गोळा करत होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर, कितीतरी दिवसांनी, आपल्या दुखण्याला नाव मिळाल्याचं समाधान होतं. आणि कारखान्याची चिमणी केवढी मोठी, दुरूनही दिसते, शिवाय तिला उलट बोलता येत नाही. नीलकंठराव उठले आणि चहा टाकायला स्वयंपाकघरात गेले. तिथे ओट्याखाली खलबत्ता होता. त्यांनी पायाने तो आणखी आत सरकवला.

ऑक्सिजनचं यंत्र आलं. ते फ्रीजसारखं घुरघुरे आणि विजयाबाईंच्या नाकाशी नळीने बांधलेलं असे. पाठोपाठ दुबेजी फोटो काढायला आले. "नली दिखनी चाहिए," असं त्यांनी बजावलं. आठवड्याभरात बिल्डिंगच्या फाटकावर बॅनर लागला: विजया दीदी की साँसें कौन लौटाएगा? खाली समितीच्या लोकांची नावं, आणि सगळ्यांत वर निवेदक, म्हणजे अर्जदार, म्हणून नीलकंठ देवपुजारी. बॅनरवर तिसऱ्याच दिवशी काळी धूळ बसली, तेव्हा दुबेजींना फार आनंद झाला.

"जुन्या साडीत काढला फोटो," विजयाबाई म्हणाल्या. "सांगितलं असतं तर ती मोरपंखी नेसली असती."

नीलकंठरावांनी आपल्या परीने एक गोष्ट केली. दगड घडवणं बंद केलं. गच्चीवरची सगळी गार, भाजलेली, न भाजलेली, पोत्यांत भरली आणि जिन्यावरून फरफटत नेऊन फाटकाबाहेरच्या उकिरड्यावर टाकली. दगडच नाही तर यामिनी कुटणार काय, असा त्यांचा विचार होता. कालव्याचं पाणी वरूनच अडवलं की खालच्या शेताला काही सांगावं लागत नाही. बोलावं न लागता काम होणार, हा या योजनेतला सर्वांत मोठा गुण होता. त्या रात्री त्यांना झोप लागली.

पाडवा जवळ आला होता. एका सकाळी यामिनी वर आली. हातात डब्यात साबुदाण्याची खिचडी, केसांवर पिठासारखं काहीतरी.

"काकू, कैसी हो? अंकल को थैंक्यू बोलने आई."

"काहून?" विजयाबाईंनी विचारलं.

"इतना सारा पत्थर फेंक रहे थे. मैंने वॉचमन से सब ऊपर मँगवा लिया. पाडवे के ऑर्डर हैं ना. व्हाट्सऐप पे डाला था, विजया काकू वाली चमकती रांगोळी करके. लाइन लग गई. सासूबाई भी बैठ गई हैं कूटने."

नीलकंठराव पेपर वाचत होते. पेपरातली अक्षरं तशीच राहिली आणि त्यांचा अर्थ निघून गेला.

यामिनी गेली. थोड्या वेळाने खालून आवाज यायला लागला. जमिनीतून, पलंगाच्या पायांतून येणारा. ठक. ठक. ठक. विजयाबाईंनी नळी सारखी केली आणि कान दिला.

"हात चांगला बसला पोट्टीचा," त्या म्हणाल्या. मध्ये श्वास घेतला. "सासूचा... नाही बसला. ती जोरात हाणते."

ठक. ठक.

"विजया," नीलकंठराव म्हणाले.

"हं."

"तुले काळ्या धुळीनं नाही झालं."

यंत्र घुरघुरत होतं. नीलकंठराव उभे होते ते खुर्चीवर बसले, मग खुर्ची कॉटजवळ ओढली. सांगायचं ते त्यांनी सरकारी टिपणीसारखं सांगितलं, सुरुवातीपासून, क्रमाने. डॉक्टर काय म्हणाले. गारेची धूळ काय करते. खिडक्या बंद असल्या की काय होतं. दाढीवाला काय सांगायचा. सांगून संपलं तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की आपण तिच्याकडे न पाहता पंख्याच्या बटणांकडे पाहून बोललो.

विजयाबाईंनी डोळे मिटून श्वास गोळा केला. त्यांना बोलायला आता तयारी लागे, म्हणून हे रागाने की दमाने ते कळायला मार्ग नव्हता.

"रांगोळीनं," त्या शेवटी म्हणाल्या.

"हव."

"मी म्हणत होती, बाजारची बरी नाही." परत श्वास. "बाजारची बरी होती."

नीलकंठरावांनी त्यांचा हात धरायला हात पुढे केला. विजयाबाईंनी तो धरू दिला, पण परत धरला नाही.

"तुम्हाले कधी कळलं?"

"डॉक्टरकडे."

"अन् तो बॅनर?"

नीलकंठरावांनी पेपरची घडी घातली.

"म्हणजे महिना झाला," विजयाबाई म्हणाल्या. "महिनाभर ती पोट्टी... खाली... अन् तुम्ही पेपर वाचून राहिले."

ठक. ठक. ठक.

"फोन लावा तिले."

फोन लागला. नीलकंठरावांनी स्पीकर केला. मागे कुटण्याचा आवाज आता दोन ठिकाणांहून येत होता, फोनमधून आणि जमिनीतून, आणि दोन्ही किंचित पुढेमागे.

"यामिनी," विजयाबाई म्हणाल्या, "ते कुटणं बंद कर. ते वाईट आहे. छातीले. मले त्याच्यानंच झालं."

मग यामिनी फार गोड आवाजात म्हणाली, "काकू, आपका ही नाम लिख रही हूँ ना हर पैकेट पे. मैंने अपना नाम कहीं नहीं डाला. आपको बुरा लगा क्या?"

"नाव नाही बापा..." पुढचं वाक्य खोकल्यात गेलं.

"अंकल, काकू को समझाइए. मैं उनकी रांगोळी थोड़ी छीन रही हूँ. ठीक होके आएँगी तो फिर वही करेंगी." आणि फोनपासून जरा दूर, पण पुरेसं दूर नाही, कोणाला तरी: "बीमारी में आदमी का मन छोटा हो जाता है, मम्मीजी. सिखाया खुद, अब बोल रही हैं मत करो."

फोन बंद झाला. विजयाबाईंनी नळी नाकातून काढली.

"काय करून राहिली?"

"चपला द्या. खाली जातो आपण."

"मशीन खाली नाही येत. त्याची वायर..."

"म्हणून तर पटकन जाचं."

पटकन असं काही झालं नाही. एक मजला उतरायचा होता, पण विजयाबाई कठड्याला धरून एक पायरी उतरत आणि मग उभ्या राहून तिचा जणू हिशेब देत. नीलकंठरावांच्या खांद्यावर त्यांचा भार होता, आणि भार किती कमी आहे हे त्यांना आज पहिल्यांदा कळत होतं. मधल्या वळणावर खिडकीतून फाटक दिसे. बॅनरवरची विजया दीदी काळवंडून गेली होती. फक्त नळी तेवढी ओळखू येत होती.

यामिनीच्या दारासमोर रांगोळी होती. कमळं, पाकळीला पाकळी जोडलेली. विजयाबाईंनी ती पाहिली आणि पाय उचलून बाजूने ठेवला, मोडू नये म्हणून. मग त्यांचा दम संपला आणि त्या जिन्याच्या पायरीवरच बसल्या.

यामिनीने दार उघडलं. ओढणी कमरेला खोचलेली, भुवया पांढऱ्या. मागे स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलेलं आणि त्याच्या फटीशी ओलं फडकं. ते फडकं नीलकंठरावांनी ओळखलं, म्हणजे ती पद्धत ओळखली. आतून ठोके चालूच होते.

"अरे काकू, आप नीचे काहे उतर आईं? मशीन के बिना?"

विजयाबाईंनी हात वर करून थांब म्हटलं. बोलणं नीलकंठरावांवर आलं.

"डॉक्टर बोले हैं," त्यांनी सुरुवात केली. "सिलिका. इसी पत्थर की धूल. बंद कमरे में कूटने से. यामिनी, काली धूल नहीं है ये."

यामिनीने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. ती वाईट मुलगी नव्हती. काकूंसाठी ती रोज खिचडी नाहीतर पेज आणत होती.

"पर अंकल, नीचे बैनर पे तो लिखा है. ऊपर आपका ही नाम है."

"तो चुकीचा आहे."

"मतलब आपने झूठ साइन किया?"

"हव," नीलकंठराव म्हणाले.

यामिनी गोंधळली. असं उत्तर मोठ्या माणसाकडून यायची तिला सवय नव्हती, त्यामुळे तिचा विश्वास बसायच्या ऐवजी आणखी उडाला. तिला वाटलं, काकूंच्या हट्टापायी अंकल बिचारे हेही बोलून राहिले.

"चलो, मान लिया," ती समजुतीच्या सुरात म्हणाली. "पर आप खुद को देखिए ना. पत्थर तो आप तोड़ते थे. इतने साल. आपको तो कुछ भी नहीं हुआ."

नीलकंठराव जिन्यावर उभे होते. बायकोला धरून मजलाभर उतरवून आणलं तरी त्यांची छाती साधी वरखाली होत नव्हती. गाल तुकतुकीत, आवाज खणखणीत. सकाळीच त्यांनी अनुलोम-विलोम केला होता. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना आपल्या तब्येतीची लाज वाटली.

"मी मास्क लावत होतो," ते म्हणाले.

"तो हम भी लगा लेंगे," यामिनी म्हणाली, लोक हेल्मेटबद्दल म्हणतात त्या आवाजात. "पाडवे के बाद मँगवा लेंगे."

आत ठोके चालू. सासूबाई खरंच जोरात हाणत होत्या.

नीलकंठरावांनी विजयाबाईंकडे पाहिलं. त्यांचा चेहरा राखेच्या रंगाचा झाला होता, पण डोळ्यांत ती जुनी चमक होती, जी भाजीवाल्याशी भाव करताना येत असे.

"अहो," त्या म्हणाल्या.

"काय?"

"तुम्ही खोका जरा."

"काय?"

"खोका. तुमचं पाहून... तिचा विश्वास बसत नाही. खोका."

नीलकंठराव खोकले. सरकारी नोकरीत त्यांनी पुष्कळ खोटी कामं निमूट केली होती, पण हे त्यांना जमलं नाही. दारावर उभं राहून आत कोणी आहे का म्हणून सभ्य माणूस जसा खाकरतो, तसा तो खोकला झाला. त्यांनी आणखी एकदा प्रयत्न केला. तो शाळेला दांडी मारणाऱ्या मुलासारखा आला.

यामिनीने ओठ दाबले, पण तिला हसू आवरलं नाही. आणि तिला हसताना पाहून विजयाबाईही हसल्या. त्या हसल्या हे चुकलं. हसायला जेवढा वारा लागतो तेवढा त्यांच्याकडे नव्हता. हसणं मध्येच घशात अडकलं, उलटं फिरलं आणि खोकला सुरू झाला.

तो थांबेना. विजयाबाईंनी एक हात कठड्यावर आणि एक हात पायरीवर टेकला, मान पुढे आली, गळ्याजवळचा खळगा आत आत ओढला जाऊ लागला. दोन खोकल्यांच्या मध्ये श्वास घ्यायची जागा असते, तीच उरली नव्हती. नीलकंठराव पाठ चोळत होते आणि काय चोळतो आहोत हे त्यांना कळत नव्हतं. ओठ निळे पडू लागले. यामिनीच्या चेहऱ्यावरचं हसू तिथेच राहिलं होतं, काढायचं विसरून गेल्यासारखं. मग ते गेलं. ती एक पाऊल पुढे आली, तिचा पाय कमळांवर पडला आणि तिला कळलं नाही. ती काकूंच्या छातीकडे पाहत होती, आणि पाहता पाहता तिचा हात आपल्याच छातीवर गेला आणि तिथे चाचपत राहिला.

ती वळली आणि स्वयंपाकघराचं दार धाडकन उघडलं. पांढरं धुकं बाहेर आलं.

"मम्मीजी, बंद कीजिए."

"थोडा ही बचा है," आतून आवाज आला.

"मैंने कहा बंद कीजिए. खिड़की खोलिए. सब खिड़की."

ठोके थांबले. ते थांबल्यावर जिन्यात विजयाबाईंचा श्वास तेवढा ऐकू येऊ लागला. शिटीसारखा बारीक, मधूनच तुटणारा, पण येत होता. आतल्या खिडक्या एकेक उघडल्याचे आवाज आले. भनपुरीकडचा वारा आत शिरला आणि आपल्याबरोबर जे आणायचं ते घेऊन आला.

यामिनी पाणी घेऊन आली. विजयाबाईंना ते पिता येईना, म्हणून त्यांनी नुसते ओठ ओले केले.

"कितने दिन से किया है मैंने, काकू?" यामिनीने विचारलं. आवाज एकदम लहान झाला होता. "मुझे तो नहीं होगा ना?"

विजयाबाईंनी नीलकंठरावांकडे पाहिलं. नीलकंठरावांनी या वेळी बटणांकडे पाहिलं नाही.

"माहीत नाही," ते म्हणाले. "उद्या डॉक्टरकडे चल आमच्यासोबत. सासूबाईंनाही घे."

यामिनी तिथेच, पायरीवर काकूंच्या शेजारी बसली. तिच्या केसांतून खाली पडलेली पांढरी धूळ विजयाबाईंच्या साडीवर बसत होती, आणि विजयाबाई ती ओल्या बोटांनी टिपून घेत होत्या, उडू नये म्हणून झटकत नव्हत्या.

वर यंत्र एकटंच घुरघुरत होतं. तिथपर्यंत जायला अजून सगळा जिना बाकी होता.